चार-आठचं टेबल

गार्डिना, मंगळवार, सकाळचे अकरा.
बाहेर रिफायनरीचा वास, आत अंड्यांच्या नाश्त्याचा,
आणि माझ्या हाताखाली दोन नव्व्या.

फुआँगने तीन पानं उलटली:
बदाम राजा, किलवर नव्वी, बदाम पंजी.
तिसरी नव्वी.
मी कॉफीचा घोट घेतला,
तोंडाला काहीतरी काम हवं होतं.

उजवीकडून ओकिमोतोने चार डॉलर सरकवले.
त्याच्याकडे राजा आहे. राजा असला की तो
पत्त्यांवर मनगट टेकवतो, दुधावर झाकण ठेवल्यासारखं.
आता माझी पाळी.

सिनेमातलं इथे काही नाही.
सगळा ढीग पुढे लोटून उभं राहता येत नाही.
इथे धाडससुद्धा मापाने मिळतं,
आत्ता चार, पुढच्या पानाला आठ,
चारदा चढलं की हद्द संपली.
म्हणून किती, हा प्रश्नच नाही.
प्रश्न फक्त कधी.

आत्ता वाढवलं तर डावीकडच्या दोघांना आठ मोजावे लागतील.
टावीटा, रात्रभर पाव भाजून आलेला, बहुतेक उठेल.
रूथॲन, नाकात ऑक्सिजनची नळी, तिचं सांगता येत नाही.
गप्प बसले तर दोघं चार-चार टाकून आत येतील
आणि पुढच्या पानाला मी दार लावून घेईन.
पण तेवढ्यात तिसरं बदाम आलं तर
कोंडलेलं कोण, हे कोण सांगणार?

लाँग बीचच्या बंदरात मी एकतीस वर्षं ट्रक तोलले.
शिकवणाऱ्याने एकच गोष्ट सांगितली होती,
काटा थरथरतोय तोवर आकडा लिहायचा नाही.
ड्रायव्हर हॉर्न वाजवतात, आई काढतात,
आपण काट्याकडे बघायचं.
एकदाच घाई केली. सालाझार नावाचा पोरगा,
बायको पहिलटकरीण, दवाखान्यात.
काटा डुलत असतानाच मी लिहून टाकलं.
काही झालं नाही. ना पूल खचला, ना कुणी विचारलं.
तो आकडा मला अजून पाठ आहे.

"वर्नेल, झोपलीस का?"
मी चार टाकले. नुसते चार.
टावीटा आला.
रूथॲनने बराच वेळ घेतला, मग तीही.

चौकट दुर्री. कुणाच्या कामाची नाही.
ओकिमोतोने आठ टाकले
आणि मी सोळा ठेवले, आवाज न करता,
निजलेल्या मुलाच्या उशाशी किल्ल्या ठेवाव्यात तसे.
टावीटा पत्ते फेकून, जांभई देत मागे रेलला.
रूथॲनने आपले मोजले. एकोणीस.
सोळा पुढे आले, तीन उरले.
नळीतून फुस्स. फुस्स.
ओकिमोतोने मनगट उचललं, पाहिलं, भरले.

शेवटचं पान बदाम सत्ती.

ओकिमोतो थांबला, मीही थांबले,
मग तिचे तीन डॉलर आले.
आम्ही दोघांनी भरले,
मयताच्या घरी चहा घ्यावा तसे.
एक्का, तिर्री. दोन्ही बदाम.

ओकिमोतोला माझ्या नव्व्या दिसल्या.
"राजा पडला तेव्हाच का नाही वाढवलंस?"

आठ मागितले असते तरी ती आलीच असती.
बदाम एक्का धरून बसलेली बाई आठला उठत नाही.
हे खरं आहे.
घरी जाताना सिग्नलला मी हे पुन्हा म्हणेन,
आणि पुढच्या सिग्नलला.

रूथॲन चिप्सची चवड रचतेय.
बोटं कापतात, चवड ढासळते, ती पुन्हा रचते.
मी बघत राहते, बोटं स्थिर होईपर्यंत.

फुआँगने नवे पत्ते वाटले.
सत्ती, दुर्री, वेगवेगळ्या रंगांचे.
टाकून दिले.
त्याला वेळ लागत नाही.